नांदेडच्या रेसचा दाणा

"मल्लाप्पा, हाड लागतंय हिचं," दस्तगीरचाचा म्हणाले.

ते आमच्या गच्चीवर कबुतरांच्या ढाबळीच्या दारात उभे होते. निळी मादी त्यांच्या डाव्या हातात होती आणि उजव्या हाताचा अंगठा ते तिच्या छातीवरून सावकाश खाली नेत होते.

"लागू दे की," मामा म्हणाले. "अंगावर मांस घेऊन पाखरू लवकर येतंय होय? सोलापूरला बघितलंस, बार्शीला बघितलंस. दोन्ही रेसा कुणी मारल्या?"

"तूच मारल्यास. पण ती जवळची उडाणं. नांदेडहून यायचं म्हणजे दुपार होणार. एवढ्याशा अंगावर नको सोडू."

"तुझी तू सोड. माझी मी सोडतो."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "कस्तुरी, दाणा तूच घालतीस न्हवं? तू तरी सांग सासऱ्याला."

मी पाण्याचं भांडं विसळत होते, ते विसळतच राहिले. दाणा मी घालत होते हे खरं, पण माप मामांचं होतं.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मिरजेत खाली आमचं धान्याचं दुकान, वर घर आणि गच्चीवर मामांची ढाबळ. मामा म्हणजे माझे सासरे, मल्लाप्पा बेडगे. दस्तगीर मुलाणी त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, दोघंही एकाच क्लबात कबुतरं उडवायचे. माझे यजमान बसवराज दुकान बघायचे, त्यांना कबुतरांचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एक पिल्लू जिन्यात पडलं होतं, ते मी उचलून वर नेऊन दिलं. मामांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "तुला धरता येतंय की गं." तेव्हापासून मी ढाबळीत जायला लागले.

मामांनी मला सगळं शिकवलं. रेसच्या पाखराच्या पायात रबराची छोटी रिंग असते. पाखरू घरी आलं की ती काढून क्लबच्या घड्याळात टाकायची, तेव्हा वेळ नोंदली जाते. म्हणजे नुसतं घरापर्यंत येऊन चालत नाही, पाखरू आत आलं पाहिजे. पोट भरलेलं पाखरू येतं आणि समोरच्या कौलांवर बसून पंख साफ करत राहतं. खाली माणूस डबा वाजवून वाजवून वेडा होतो. म्हणून रेसच्या आधी दाणा कमी करायचा. मका बंद, सातू सुरू. भूक असली की पाखरू कौलांकडं बघतसुद्धा नाही.

"पण हे जवळच्या रेसला," मामांनी आदल्या वर्षी मला बजावलं होतं. "लांबच्या रेसला उलटं. आधी चार दिवस मका वाढवायचा, करडई घालायची, शेंगदाणे घालायचे. लांबच्या पाखराला भुकेवर सोडलंस तर ते वाटेत स्वतःचंच मांस जाळतंय. मग घर दिसत असलं तरी पंख चालत नाहीत."

हे ज्यांनी मला शिकवलं तेच मामा त्या वर्षी नांदेडच्या रेसला सातूच घाल म्हणत होते.

मी विचारलंही होतं. "मामा, मका वाढवायचा ना आता?"

"नको."

"गेल्या वर्षी तुम्हीच..."

"गेल्या वर्षी नांदेडला कितवा नंबर आला?"

"चौथा."

"मग?"

चोरून चार दाणे जास्त घालावेत असं माझ्या मनात आलं होतं. पण मामा संध्याकाळी प्रत्येक पाखराच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायचे. एक शेंगदाणा जास्त असता तरी त्यांना कळला असता.

ते असे नव्हते. आषाढापासून झाले होते.

आषाढात माझी नणंद महानंदा लग्न करून निघून गेली. मुलगा सुधाकर, इथल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होता. लातूरचा. आपल्यातला नव्हता. शिकलेला, शांत, कुणाशी उंच आवाजात बोलणारा नव्हता, पण मामांना त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्या दवाखान्याच्या खानावळीला आमच्या दुकानातून माल जायचा. मामा तिथल्या मोठ्या साहेबांना भेटून आले आणि पुढच्या महिन्यात सुधाकरचं काम गेलं. दोघं लातूरला त्याच्या आईकडं गेली.

दिवाळीला आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फराळाचा एक डबा वेगळा काढून ठेवला होता. मामांनी तो बघितला.

"हा कुणाला?"

आत्तींनी डब्याचं झाकण लावलं.

"कुणी काही पाठवायचं नाही," मामा म्हणाले. ते ओरडले नाहीत, दुकानात भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. "एक दाणा नाही. भूक लागली की येईल. आली की आत घ्यायचं, कुणी काही बोलायचं नाही. पण एकटी आली पाहिजे."

मार्गशीर्षात ओळखीच्या एका बाईकडून कळलं की वन्संना दिवस गेलेत. आत्ती देवापुढं बसून रडल्या. मामांचा चेहरा मात्र उजळला. "बघ आता," ते मला म्हणाले. "पहिलटकरीण. माहेराशिवाय जाणार कुठं?"

तोवर ढाबळीतलं मापही बदललं होतं. आधी शीग लावून भरायचे, आता वरून बोट फिरवून सपाट करायला लागले. मग त्याच्याही खाली. आणि दोन रेसा जिंकल्या, क्लबातली माणसं घरी येऊन पेढे खाऊन गेली, तेव्हा मामांना वाटलं असणार की आपलं सगळंच बरोबर आहे.

शुक्रवारी सकाळी क्लबची जीप टोपल्या घेऊन नांदेडला निघाली. पाखरांबरोबर दर वेळी एका सभासदाच्या घरचं माणूस जायचं, त्या वेळी आमची पाळी होती. मामांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून यजमानांना नाइलाजानं जावं लागलं. आमची अकरा पाखरं होती. निळीला मी टोपलीत ठेवलं तेव्हा ती माझ्या हातात इतकी हलकी लागली की मी परत एकदा धरून बघितलं.

शनिवारी सकाळी नांदेडहून फोन आला. उजाडल्यावर सोडली, आभाळ स्वच्छ, वारं नाही. मामा आंघोळ करून, भस्म लावून गच्चीवर जाऊन बसले. शेजारी घड्याळ, हातात दाण्याचा डबा. ढाबळीवर नवं माणूस दिसलं की पाखरू बुजतं, म्हणून रेसच्या दिवशी वर फक्त मामा आणि मी.

दुपार व्हायच्या आधी मी काहीतरी आणायला खाली आले, तर दारात वन्सं उभ्या होत्या.

मी आधी ओळखलंच नाही. पोट पुढं आलेलं, सातवा असेल, आणि बाकी अंगावर काहीच नाही. गळ्याची हाडं दिसत होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकल्या होत्या. रात्रभर एसटीत बसून आल्या होत्या.

"वहिनी, अव्वा कुठाय?" त्यांनी विचारलं.

आत्ती स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी तिथंच तोंडाला पदर लावला. वन्संनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "अव्वा, जेवायला वाढ."

"अगं, बस तरी. पाणी पी. एकटी आलीस?"

"ते स्टँडवर थांबलेत. मी मागायला नाही आले अव्वा, जेवायला आलेय. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातलं वाढत नाही. खा म्हणाल्या. मी म्हटलं, बापाचं धान्याचं दुकान आहे, तिथं जाऊन खाते."

हे त्या हसत म्हणाल्या. हसताना दात मोठे दिसले.

आत्तींनी ताट वाढलं. मी भाकरी थापायला बसले. वन्सं जेवायला लागल्या. मान खाली, हात चालू. आमटी चुलीवरची कढत होती, त्यांनी फुंकरसुद्धा मारली नाही. मी एक भाकरी टाकली की आधीची संपलेली असायची. आत्ती आधी कौतुकानं वाढत होत्या. नंतर त्या मुलीकडं न बघता वाढायला लागल्या. भात झाला, डिंकाचे लाडू झाले. शेवटी वन्संनी ताटात पाणी घालून ते बोटांनी फिरवलं आणि पिऊन टाकलं. आमच्या घरात असं कुणी करत नव्हतं.

मी तव्यावरची भाकरी करपू दिली.

हात धुऊन त्या भिंतीला टेकून बसल्या. "अण्णा?"

"वर आहेत," मी म्हटलं. "आज नांदेडची रेस."

"हो का," त्या म्हणाल्या.

आत्तींनी घाईघाईनं एक पिशवी भरायला घेतली, तांदूळ, डाळ, गूळ. वन्संनी त्यांचा हात धरला. "राहू दे. अण्णांनी त्यांच्या हातानं दिलं तर नेते. तुला नंतर त्यांची बोलणी खायला लावायला मी आले नाही. त्यांना म्हणावं, खाली या. संध्याकाळच्या गाडीनं आम्हाला परत जायचंय."

मी वर गेले. मामा आभाळाकडं बघत होते. मी सांगितलं, "मामा, वन्सं आल्यात."

त्यांनी मान वळवली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हे आता धावत खाली जाणार. त्यांनी डबासुद्धा खाली ठेवला होता.

"एकटी?"

"घरात एकट्याच आल्यात. ते स्टँडवर आहेत."

"जेवली?"

"जेवल्या."

"पोटभर?"

"हो."

त्यांनी डबा परत हातात घेतला. "बसू दे तिला. पाखरं यायची वेळ झाली. रेस झाली की येतो."

"त्या संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार म्हणतात."

"जात नाही," मामा म्हणाले. "बघ तू. खाल्लेलं पाखरू परत उडत नाही."

मी खाली येऊन वन्संना एवढंच सांगितलं की पाखरं आल्यावर येतो म्हणालेत. त्यांनी मान हलवली. त्या तिथंच चटईवर आडव्या झाल्या आणि झोपी गेल्या.

दुपार झाली. पाखरं आली नाहीत. खालच्या आळीतून कुणीतरी सांगत आलं, दस्तगीरचं पहिलं पाखरू आलं, मग दुसरं आलं. मग तिसऱ्याच कुणाचं तरी आलं. मामा हलले नाहीत. मी दोनदा वर गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी जरा धीटपणे बोलले.

"मामा, पाच मिनिटं खाली येऊन जा. मी बसते इथं. पाखरू आलं तर मी रिंग काढते, मला येतंय की."

"निळी तुझ्या हाताला येणार नाही."

"माझ्याच हाताचं खातेय ती मामा, रोज."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "वेळ झालीय. आता कुठल्याही क्षणी येतील."

"लांबच्या रेसला दाणा वाढवायचा, असं तुम्हीच मला शिकवलंय," मी म्हटलं. "वन्सं किती लांब गेल्यात ते तुम्हाला दिसत नाही का?"

असं मी सासऱ्यांशी कधी बोलले नव्हते. आता उठून मुस्काटात मारतील असं वाटलं. ते आभाळाकडंच बघत राहिले. तसंच म्हणाले, "खाली जा कस्तुरी."

ऊन उतरल्यावर वन्सं उठल्या. त्यांनी तोंड धुतलं, केस बांधले, चपला घातल्या. जिन्याच्या तोंडाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. वर जातील असं मला वाटलं, पण जिना लोखंडी शिडीसारखा उभा होता आणि त्यांना तो चढता आला नसता. त्यांनी हाक मारली.

"अण्णा!"

वरून उत्तर आलं नाही. ऐकू गेलं असणार, आमचं घर एवढं मोठं नव्हतं.

त्या निघाल्या. आत्ती आतल्या खोलीत गेल्या, त्यांना बघवेना. मी वन्संना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाकरी छान करता हो वहिनी," आणि सावकाश, कमरेवर हात ठेवून रस्त्याला लागल्या.

परत येताना मी वर बघितलं. मामा कठड्याला टेकून उभे होते. त्यांना तिथून सगळी गल्ली दिसत होती. त्यांच्या हातात डबा होता आणि ते तो वाजवत होते. पाखरांना बोलावतात तसा, खळखळ, खळखळ. आभाळात एकही पाखरू नव्हतं.

अंधार पडेपर्यंत त्यांनी डबा वाजवला. मग दस्तगीरचाचा आले. त्यांनी रेस मारली होती, पण ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मामांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले आणि जाताना मला म्हणाले, "त्याला जेवायला आग्रह करू नकोस आज."

रविवारी दुपारी यजमान रिकाम्या टोपल्या घेऊन परत आले. त्यांना आम्ही काय काय झालं ते सांगितलं. ते ऐकून दुकानात जाऊन बसले, वर गेलेच नाहीत.

त्याच दुपारी निळी आली. उडत आली म्हणता येणार नाही. शेजारच्या पत्र्यावर आधी काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मग ती कठड्यावरून चालत आली. पंख लोंबत होते. मामांनी डबा वाजवला नाही. ती आपणच दारापाशी आली आणि तिथंच बसली. मामांनी तिला उचललं आणि अंगठा तिच्या छातीवर ठेवला. तो तसाच ठेवून ते कितीतरी वेळ बसले.

"गुळाचं पाणी आण," ते म्हणाले. "कोमट."

मी आणलं. ते बोट बुडवून थेंब थेंब तिच्या चोचीत सोडत होते. मी मुठीत थोडी बाजरी घेऊन पुढं केली.

"आत्ता नको. इतक्या भुकेवर एकदम दाणा घातला तर पचत नाही. गळ्यातच बसतो. आज पाणी. उद्या चार दाणे."

मग त्यांनी विचारलं, "काल नंदानं किती खाल्लं?"

मी सांगितलं. भाकरी किती, भात किती, लाडू किती.

"थांबत थांबत?"

"नाही. मान वर न करता."

"पाणी मध्ये?"

"शेवटी. ताट धुऊन प्यायल्या."

मामांनी डोळे मिटले. माणूस असो की पाखरू, खाण्यावरून भूक किती दिवसांची आहे हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा हात मात्र थांबला नाही, थेंब थेंब पाणी सोडतच होता.

बाकीच्या दहांतली दोन पाखरं पुढच्या दिवसांत कुणीकुणी आणून दिली. बाकी आलीच नाहीत.

सोमवारी पहाटे मी उठले तर खाली दुकानात दिवा होता. मामा एकटेच पोतं भरत होते. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, गुळाची ढेप. तराजू बाजूला होता. ओंजळीनं भरत होते, मोजत नव्हते. यजमान म्हणाले, "अण्णा, मी घेऊन जातो."

"नको. कस्तुरी येईल माझ्याबरोबर."

दिवसभर मामा एसटीत माझ्या शेजारी बसून होते. पोतं त्यांच्या पायाशी होतं, वळण आलं की ते हातानं धरायचे. लातूरला उतरल्यावर विचारत विचारत गेलो. मार्केट यार्डाच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. सुधाकर घरी नव्हता, तो यार्डात पोती उचलायच्या कामाला गेला होता. दारात त्याची आई होती, गयाबाई. वाळलेली, ताठ बाई. कोण आलंय हे तिला न सांगताच कळलं.

"या इवाई," व्याह्याला म्हणावं तसं ती म्हणाली. "आत या. बसा."

वन्सं आतून बाहेर आल्या. त्यांनी मामांकडं बघितलं, मग पोत्याकडं.

"माझ्या हातानं आणलंय," मामा म्हणाले.

"मिरजेत द्यायचं होतं अण्णा. तुम्ही खाली आला असता तर मी डोक्यावर घेऊन आले असते."

"नंदे..."

"ठेवा तिथं."

मामांनी पोतं दाराशी ठेवलं. कुणी त्याला हात लावला नाही. आम्ही आत जाऊन बसलो. पाणी आलं. आत पिठाचा डबा जमिनीवर आपटून झटकल्याचा आवाज आला. मी ऐकला, मामांनीही ऐकला. थोड्या वेळानं गयाबाईनं दोन ताटं आणून ठेवली. एकेका ताटात एक भाकरी, पातळ वरण, ठेचा.

"मी एसटीत खाल्लंय," मामा म्हणाले.

"आमच्यात आलेला माणूस जेवल्याबिगर जात नाही," गयाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला नव्हता, पण ती मामांच्या हाताकडं बघत होती.

मी म्हटलं, "मावशी, आज सोमवार. माझा उपास असतो." ते अगदीच खोटं नव्हतं. सोमवार मी धरायची, पण त्या दिवशी सकाळी घाईत चहाबरोबर बिस्किटं खाऊन मोडला होता. माझ्या ताटातली भाकरी गयाबाईनं उचलली आणि मामांच्या ताटात ठेवली. मामांना काही बोलायची सोय उरली नाही. दोघांचाही उपास म्हटला असता तर त्या घरात त्याचा अर्थ एकच झाला असता, की त्यांच्या हातचं आम्हाला चालत नाही.

आतल्या खोलीत चुलीच्या कडंला भाकरीची टोपली दिसत होती. रिकामी होती. वरणाचं पातेलं कलतं करून ठेवलेलं होतं. मामांची नजर त्या दोन्हीवरून फिरली आणि वन्संवर येऊन थांबली. त्या दाराला टेकून उभ्या होत्या.

"नंदे, तू बस की माझ्याबरोबर."

"मी मागनं जेवते."

"मागनं काय जेवशील?"

मामांनी ताट जरासं वन्संकडं सरकवलं. गयाबाईनं ते बघितलं, आणि तिचा चेहरा आवळत गेला. पाहुण्यानं ताट पुढं ढकललं, एवढंच तिला दिसलं असणार.

"जेवा अण्णा," वन्सं हळूच म्हणाल्या. "तुम्ही जेवलात तरच त्या मला इथं तुमच्याशी बोलू देतील."

मामांनी ताट परत ओढून घेतलं आणि भाकरी मोडली. प्रत्येक घासाला पाणी घेत होते. दोन्ही भाकऱ्या त्यांनी संपवल्या. वरण पुसून घेतलं, ठेचासुद्धा ठेवला नाही. गयाबाई समोर बसून त्यांचा प्रत्येक घास बघत होती. त्यांनी शेवटचा घास घेतला तेव्हा ती पहिल्यांदा बसल्या जागी सैल झाली आणि म्हणाली, "भाकरी जरा कडक झाली आज."

"नाही," मामा म्हणाले. "चांगली झाली."

निघताना मामांनी वन्संच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी ठेवू दिला. पोतं दाराशी होतं तिथंच होतं, त्याची सुतळीही सुटली नव्हती.

फाल्गुनात वन्संना मुलगी झाली. वजन फार कमी होतं, पण जगली. आता ती कॉलेजात शिकते. सुधाकरला पुढं लातुरातच एका तपासणी केंद्रात काम मिळालं. वन्सं सणावाराला मिरजेला यायला लागल्या, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात, मुक्काम करत नाहीत. मामा गेले तेव्हाही केला नाही. मामांनी त्या वर्षानंतर कुठल्याच रेसमध्ये पाखरं घातली नाहीत. त्या पोत्याचं पुढं काय झालं हे मी वन्संना कधी विचारलं नाही.

त्या सोमवारी लातूरच्या स्टँडवर आम्हाला शेवटची गाडी मिळाली. मामा खिडकीशी बसले होते. गाव मागं पडलं, शेतं लागली. बराच वेळ गेल्यावर त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"कस्तुरी, आपण निघाल्यावर त्यांनी परत चूल पेटवली असेल का गं?"

"पेटवली असेल मामा," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं, आणि मिरज येईपर्यंत मला त्यांची फक्त पाठ दिसत राहिली.